सुकाणवाच्या पोटातलं पाणी

हायड्रा क्रेनच्या पट्ट्यांवर बोट अधांतरी होती. तळाचं पाणी निथळून गेलं, शेवाळ उन्हात पांढरं पडायला लागलं, तरी एका जागची ओल हटत नव्हती. सुकाणवाचा दांडा जिथे पानात शिरतो, त्या सांध्यातून चहाच्या रंगाचा एक ओघळ हळूहळू खाली येत होता. बोटाने पुसला, पाच मिनिटांनी पुन्हा हजर. सात वर्षं दर एप्रिलला मी हा सांधा घासत होतो आणि त्यावर रंग चढवत होतो. ओघळ आधीही असणार. रंगाखाली तो मला दिसला नव्हता.

बोट ३३ फुटी, शिडाची, फायबरची, साधारण पाच टनांची. १९८०च्या दशकात युरोपात बांधलेली, आमच्याकडे येईतो दोन मालक झालेले. ऑक्टोबर ते मे मी आणि बायको तिच्यावरून किनारा करतो. मांडवीतून निघायचं, मालवण, देवगड, विजयदुर्ग, वारा आणि रजा जुळली तर जयगड. आदल्या डिसेंबरात विजयदुर्गच्या खाडीत नांगरावर असताना रात्रभर पाठीमागून ‘टक्… टक्’ येत होतं. बायको म्हणाली, “अरे, सुकाणू वाजतंय.” मी म्हटलं, चाकाची केबल सैल झाली असेल, सकाळी आवळतो. केबल आवळली. आवाज राहिला.

आपल्याकडच्या होडीचं सुकाणू मागच्या फळीवर बिजागरीला टांगलेलं असतं. प्रत्येक खिळा, प्रत्येक पट्टी डोळ्यांसमोर. नाखवा ते उचलून वाळूत आडवं टाकतो आणि कुजलेली फळी बदलतो. आमच्या बोटीची रचना वेगळी आहे. बोटीच्या तळातून एक नळी वर जाते, त्या नळीत वर आणि खाली एकेक बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, आणि त्यांतून स्टेनलेस स्टीलचा ५० मिलिमीटर जाडीचा भरीव दांडा. दांड्याचा खालचा भाग पानाच्या पोटात. पानाला खालून काहीच आधार नाही, ते पाण्यात नुसतं लोंबतं. लाटेचा सगळा मार दांड्यावर येतो, आणि सर्वांत जास्त कुठे, तर खालच्या बुशपाशी, दांडा बोटीतून बाहेर पडतो तिथे. पोटात दांड्याला आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, माशाच्या काट्यासारख्या. चाक फिरवलं की दांडा फिरतो आणि या पट्ट्या पानाला वळवतात. पट्ट्या तुटल्या तर दांडा पानाच्या आत नुसताच फिरत राहील आणि चाक धरणाऱ्याला कळणारही नाही की बोट का ऐकत नाही.

ही भीती माझ्या मनात जुनी आहे. याच मांडवीत, दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची शिडाची बोट ‘तारिणी’ २०१७-१८ साली सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीभोवती नेली. परतीच्या वाटेवर हिंदी महासागरात तिच्या स्टिअरिंगमध्ये बिघाड झाला आणि मॉरिशसला थांबावं लागलं. त्या बोटीवर जगातल्या उत्तम तयारीची माणसं होती. आम्ही दोघं देवगडच्या दीपगृहासमोर उधाणात तसे अडकलो तर काय, हा विचार मी अनेकदा केला होता. ओघळ पाहिला आणि तो पुन्हा आला.

यार्डात ट्रॉलर बांधणारे एक मेस्त आहेत, मालवणकडचे, फायबरमध्ये चाळीस वर्षं गेलेली. त्यांना बोलावलं. त्यांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि पान वरपासून खालपर्यंत वाजवत गेले. वरच्या वीतभर भागात आवाज कोरडा, टणक. मग एकदम बद्द. बद्द आवाज थेट तळापर्यंत. “भायरसून बरां दिसता,” ते म्हणाले, “पण आतसून गेलां.”

खालच्या टोकाला सहा मिलिमीटरचं भोक पाडलं. ड्रिल बाहेर काढताच गढूळ तपकिरी पाण्याची धार सुटली, नासक्या अंड्याच्या वासाची. रात्रभर बादली ठेवली. सकाळी तिच्यात तीन लिटरच्या आसपास पाणी होतं.

इथे माझा आणि मेस्तांचा वाद झाला, आणि तो सांगायला हवा, कारण अशा वेळी बहुतेक मालक माझ्याच बाजूने बोलतील. मला वाटत होतं, पाणी काढू, पंधरा दिवस उन्हात वाळवू, पोकळीत इपॉक्सी, म्हणजे कडक होणारं रेझिन, ओतू, सांधा सील करू. ओळखीच्या दोघा-तिघांनी तसंच केलं होतं. मेस्तांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पयलां फाडून बघा. मगे काय तां ठरवा.” बायको त्यांच्या बाजूची. तिचं म्हणणं, आवाज पाण्याचा नव्हता, लोखंडाचा होता.

फाडण्याआधी उतरवायचं. दांड्याचा नळीतला भाग ९० सेंटिमीटर, आणि पानाच्या टोकापासून जमीन फक्त ५०. म्हणजे सुकाणू खाली सरकायला जागाच नाही. एक उपाय म्हणजे पुन्हा हायड्रा बोलावून बोट उचलून धरायची. तासाचं भाडं आणि माणसं पट्ट्यांखाली काम करणार, दोन्ही मला नको होतं. दुसरा उपाय खड्डा. यार्डाची जमीन जांभ्याची. कुदळ लावली की ठिणग्या आणि मूठभर लाल माती. मी आणि यार्डातला एक मुलगा, दोघांनी दोन सकाळी पहार मारून दीड फूट खोल, चार फूट लांब खड्डा काढला. बोटीच्या टेकूंपासून हातभर तरी लांब राहा, असं मेस्त दर अर्ध्या तासाने येऊन बजावत होते. तिथे पाच टन फक्त लाकडांवर उभे होते.

उतरवण्याआधी बायकोने वहीत मापं घेतली, आणि पुढचं सगळं काम त्या वहीवर चाललं. कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याच्या, मध्यापासून मागच्या फळीच्या मध्यापर्यंत दोरी ताणली, चाक सरळ ठेवलं आणि पानाची मागची कड त्या दोरीच्या बरोबर वर येते का ते ओळंब्याने पाहिलं. दांड्यावर क्वाड्रंट, म्हणजे चाकाची केबल ज्याला ओढते तो चकतीचा तुकडा, कुठे बसतो, त्याला दांड्याशी जखडणाऱ्या चावीचा खाचा कोणत्या दिशेला, डेकपासून दांड्याचं टोक किती खाली. फोटोंवर विसंबू नये. फोटोत कोन कळत नाही.

क्वाड्रंटचे बोल्ट सोडले, वरची कॉलर काढली आणि पान खड्ड्यात उतरलं. ताणकाट्यावर ५९ किलो भरलं.

मेस्तांनी ग्राइंडरने एका बाजूचं कवच कडेकडेने कापलं आणि पहारीने उचकटलं. आतला फोम चहात बुडून फुगलेल्या खारीसारखा झाला होता, बोटाने खरवडला तरी निघत होता. तीन पट्ट्यांपैकी मधली मी हाताने धरून हलवली आणि ती माझ्या हातात आली. वरच्या पट्टीच्या वेल्डला केसाएवढी चीर, आणि चिरेशेजारी दांड्यावर खळगे, काळे, सुईच्या टोकाएवढ्या तोंडाचे. बायकोने वहीची पेन्सिल त्यातल्या एकात घातली. शिसाचं टोक अख्खं आत गेलं. बाकी सगळा दांडा चकचकीत होता. इपॉक्सी ओतली असती तर ही पट्टी आणि हे खळगे कायमचे झाकले गेले असते.

स्टेनलेस गंजत नाही हा समज इथे महागात पडतो. त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तो टिकायला ऑक्सिजन लागतो. वाहत्या समुद्रात तो मिळतो. पानाच्या पोटात साचलेल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन संपून जातो, थर तुटला की पुन्हा धरत नाही, आणि क्लोराइड त्या जागी खोल खोल पोखरत जातं. बाहेरून चकाकी तशीच. पाणी शिरतं ते त्या सांध्यातून, कारण उन्हात स्टील आणि फायबर सारखे फुगत नाहीत आणि गुळगुळीत स्टीलवर रेझिनची पकड कच्ची असते. एक केसभर फट पडली की पुरे.

बोट बांधणाऱ्यांकडून तयार सुकाणू मागवता आलं असतं, पण समुद्रमार्गे यायला पावसाळा उलटला असता, आणि पोटात काय आहे ते पुन्हा दिसलं नसतंच. मी ठरवलं, इथेच करायचं, प्रत्येक थर डोळ्यांसमोर.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत ३१६एल दर्जाचा गोल बार मिळाला. ३०४ आणि ३१६ हे स्टेनलेसचे दोन प्रकार दिसायला जुळे भाऊ. फरक मॉलिब्डेनमचा, आणि खाऱ्या पाण्यात टिकतो तो मॉलिब्डेनमवाला. दुकानदाराचं प्रमाणपत्र होतं, तरी मी मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या रसायनाचे थेंब टाकून रंग बदललेला स्वतः पाहिला. बार लेथवर खालच्या बाजूला निमुळता करून घेतला, चावीचा खाचा आधी कापून घेतला, कारण पट्ट्यांची दिशा त्या खाच्यावरून ठरणार होती. तीन अंश चुकले तरी पानाची मागची कड अडीच सेंटिमीटर बाजूला जाते, आणि मग चाक सरळ असून बोट कायम एका अंगाला ओढत राहते.

वेल्डर तरुण होता, आर्गन वायूवर वेल्डिंग करणारा, आणि त्याच्या हाताला घाई नव्हती. स्टेनलेस उष्णतेने फार वाकतं, म्हणून तो एका पट्टीला इंचभर वेल्ड मारायचा, मग दुसऱ्या बाजूच्या पट्टीला, मग हात लावता येईपर्यंत थांबायचा. पूर्ण दिवस गेला. नंतर वेल्डवर लाल रंगाचं द्रव फवारलं, पुसलं, वर पांढरी पूड मारली. चीर असेल तर लाल रंग पुडीतून वर उमटतो. दहा मिनिटं आम्ही चौघं त्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बघत बसलो. एका कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका आला. त्याने न बोलता ती जागा घासून काढली, पुन्हा वेल्ड केली, पुन्हा तपासली. दांडा व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजने पाहिला, वाक ०.३ मिलिमीटर. एवढा चालतो.

पानाचा आकार जुन्यावरून घेतला नाही, कारण जुनं कवच फुगलेलं होतं. नाका ००१२ (NACA 0012) हा विमानाच्या पंखासारखा, दोन्ही बाजूंनी सारखा असलेला ठरावीक छेद घेतला. पानाची रुंदी जितकी, तिच्या १२ टक्के जाडी, आणि सर्वांत जाड भाग पुढच्या कडेपासून ३० टक्क्यांवर. वर ६० सेंटिमीटर रुंद, खाली ४०, उंची १४०. वरच्या कडेला दांडा बसतो तिथे जाडी ६६ मिलिमीटर, म्हणजे ५०च्या दांड्याच्या दोन्ही अंगांना जेमतेम आठ-आठ मिलिमीटर. प्लायवुडचे साचे कापून फोम त्यांवर घासत आणला. फोम बंद छिद्रांचा, पाणी न पिणारा. दांड्याच्या पुढे पानाचं १७ टक्के क्षेत्रफळ ठेवलं. यामुळे चाक हलकं होतं. त्याहून फार वाढवलं तर पान स्वतःच वळायला बघतं आणि हाताला समुद्र कळेनासा होतो.

रेझिनचं काम मेस्तांनी पहाटे पाचला सुरू करायला लावलं. मे महिन्यात दहानंतर इपॉक्सी भांड्यातच तापून धूर सोडते. एका वेळी २०० ग्रॅमच कालवायची, पसरट ताटलीत ओतायची, म्हणजे उष्णता साठत नाही. दांडा आणि पट्ट्या खरखरीत पॉलिश पेपरने घासल्या आणि त्या घासलेल्या जागेवर लगेच इपॉक्सी लावून पेपर त्या ओल्या इपॉक्सीतच पुन्हा फिरवला. उघड्या स्टीलवर हवेने नवा थर धरायच्या आत चिकटवायचं, हा त्यामागचा विचार. पट्ट्यांच्या भोवती जराही पोकळी राहू दिली नाही, घट्ट लुकण भरून काढलं. मग काचेच्या कापडाचे थर, आडवे, उभे, तिरपे. एका सकाळी हवा फार दमट होती आणि दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग मेणासारखा बुळबुळीत लागला. कडक होताना इपॉक्सीतलं अमाइन ओलाव्याशी मिळून हा पातळ थर धरतं आणि त्यावरचा पुढचा थर चिकटत नाही. सॉल्व्हंटने तो पसरतो, जात नाही. साधं पाणी आणि काथ्या घेऊन मी तासभर घासत होतो.

जिथे दांडा पानातून बाहेर येतो, तिथे भोवताली एक सेंटिमीटर रुंद आणि तितकीच खोल चर ठेवली आणि ती पॉलियुरेथेन सीलंटने भरली. स्टील आणि फायबर आपापल्या परीने हलतील आणि मध्ये रबरासारखं काहीतरी ताणलं जाईल. जुन्या पानात ही जागा नव्हती. मला विचाराल तर सगळ्या सुकाणवात या चरीइतकं महत्त्वाचं काही नाही.

तयार पान ४८ किलो भरलं. जुन्यापेक्षा ११ किलोंनी हलकं.

बुश बदलायचे होतेच, ‘टक्’ त्यांचाच होता. वेल्ड सुटत चालल्याने पान डुगडुगत होतं आणि त्याने खालचा बुश लांबट झिजवला होता. नायलॉन घेतलं नाही, ते पाणी पिऊन फुगतं आणि दांडा धरतं. डेलरिन या दुसऱ्या कडक प्लास्टिकचे बुश लेथवर करून घेतले. माप मी दिलं होतं, ०.१ मिलिमीटर मोकळीक, म्हणजे प्ले बिलकुल नको. बुश नळीत बसवले आणि सकाळी सातला नुसता दांड्याचा उरलेला तुकडा आत घालून पाहिला, लोण्यासारखा फिरला. दुपारी दोनला बायकोने सहज फिरवून पाहिला तर हलेना. नळीत जखडलेलं डेलरिन उन्हाने आतल्या बाजूला फुगलं होतं. बुश काढून ०.४ मिलिमीटर मोकळीक ठेवली. ही चूक पाण्यात उतरल्यावर कळली असती तर भर दुपारी, भर समुद्रात चाक आवळलं गेलं असतं.

बसवायच्या आदल्या रात्री वळवाचा पाऊस आला आणि खड्डा लाल पाण्याने काठोकाठ भरला. जांभा असूनही पाणी मुरलं नाही, आम्ही पहार मारून तळ दाबून टाकला होता. बादल्यांनी उपसलं, तळाला फळ्या टाकल्या, त्यावर जुना गालिचा. दांड्याच्या डोक्यात आधीच आटे पाडून ठेवले होते, त्यात आयबोल्ट, म्हणजे डोक्याला कडी असलेला बोल्ट, बसवला. बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या काठीच्या, टोकाला कप्प्या लावून दोर नळीतून खाली सोडला आणि आयबोल्टला बांधला. मी वर दोर ओढत होतो, मेस्त खड्ड्यात गुडघ्यावर बसून पान दोन्ही हातांनी उभं धरत होते, आणि बायको कॉकपिटखालच्या कप्प्यात डोकं घालून दांडा वरच्या बुशकडे येताना बॅटरीने बघत होती.

“डावीकडे. थोडं. थांब. मेस्त, पुढची कड जरा उचला.”

खालून आवाज, “उचललंय. घाय करू नकात.”

“आता ओढ.”

दांडा वरच्या बुशात शिरताना जो बारीक हवेचा सुस्कारा आला, तो मी डेकवरून ऐकला. वॉशर, कॉलर, चावी, क्वाड्रंट, केबल. दोन्ही बाजूंना ३५ अंशांवर अडकण बसवली, त्यापुढे पान वळलं तरी बोट वळत नाही, नुसती थांबते. दोरी ताणली, ओळंबा सोडला. मागची कड दोरीवर बरोबर. चाकाच्या मधल्या आरीवर बायकोने जुन्या दोराची गाठ पुन्हा घट्ट गुंडाळली, म्हणजे अंधारात हाताला कळतं की सुकाणू सरळ आहे. डेकचं झाकण काढून आपत्कालीन टिलर दांड्याच्या चौकोनी डोक्यावर बसतो का तेही तेव्हाच पाहिलं. बसला, पण डेकला घासत होता. कानसने साफ केला.

पावसाळाभर बोट ताडपत्रीखाली राहिली. दसऱ्यानंतर पाण्यात उतरवली. आग्वादच्या बाहेर वारा बारा-चौदा नॉटचा होता. शिडं उभारण्याआधी इंजिनवर मागे जाऊन पाहिलं, कारण मागे जाताना पाणी पानाला उलट्या बाजूने धरतं आणि चाक हातातून हिसकावून घ्यायला बघतं. दोन्ही हातांनी धरलं. ओढलं, पण मोकळं, कुठे अडखळ नाही. मग शिडं. वाऱ्याच्या जवळ, बोट कलंडलेली, वेग साडेपाच नॉट, आणि चाकावर दोन बोटं. बायकोने चाक मागितलं. तिने तासभर परत दिलं नाही.

डिसेंबरात पुन्हा विजयदुर्गला, त्याच खाडीत, जवळपास त्याच जागी नांगर टाकला. रात्री दोनला जाग आली. लाट मागून येत होती, नांगराचा दोर ताणत होता, पाणी तळाला थपडा मारत होतं. बायको जागीच होती. दोघंही काही न बोलता ऐकत राहिलो. पाठीमागून काहीच आवाज नव्हता.

एप्रिलमध्ये हायड्रा आला, पट्टे लागले, बोट वर आली. निथळून झाल्यावर मी सांध्याला कोरडा पांढरा फडका गुंडाळला आणि तासभर तसाच ठेवला. काढला तेव्हा त्यावर डाग नव्हता. तोवर मेस्त आले. त्यांनी खिशातून नाणं काढलं, एका अंगाने वरून खाली, दुसऱ्या अंगाने खालून वर वाजवत गेले, चरीतल्या सीलंटवर नख दाबून पाहिलं.

“बरां आसा,” म्हणाले, आणि नाणं खिशात टाकून आपल्या ट्रॉलरकडे गेले.